स्पीकरचे आलेख आणि सुधारणांचे दावे : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांमागची शंका एकच आहे. कंपनीने छापलेल्या आलेखावर विसंबायचं, स्वतःच्या कानावर, की अमुक भाग बदलल्यावर 'पडदा उठला' असं सांगणाऱ्यावर? पत्रं आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : दोन बुकशेल्फ स्पीकरमधून एक निवडायचा आहे. दोन्हींच्या माहितीपत्रकात '४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असंच लिहिलं आहे. ऐकायला बसलं की एकाचा खर्ज भरदार लागतो, दुसऱ्याचा जवळपास नाहीच. दोन्ही आकडे खरे कसे?

खरे असू शकतात, कारण दोन्हींची शेपटं छाटलेली आहेत. ४५ हर्ट्झला आवाज मधल्या पट्ट्याच्या मानाने किती डेसिबल खाली आलेला असतो, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एक कंपनी उणे ३ डेसिबलची खूण धरते, दुसरी उणे १० ची. बंद पेटीचा स्पीकर ४५ हर्ट्झला १० डेसिबल खाली असेल, तर त्याची ३ डेसिबलची खूण साधारण ७८ हर्ट्झला येते. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते, म्हणजे तिचा मूळ सूर तिथे नावापुरताच उरतो. आकड्यापुढे 'खोलीत मोजलेला' अशी बारीक टीप असेल तर तो बाजूलाच ठेवा. भिंतींनी खर्जाला दिलेला टेकू त्यात धरलेला असतो आणि तुमची खोली त्यांची नव्हे.

आलेख छापलेला असेल तर रेष बघण्याआधी उभा अक्ष वाचा. वरपासून खालपर्यंत १०० डेसिबल कोंबले की कुठलाही स्पीकर सपाट दिसतो. तोच आलेख ५० डेसिबलच्या उंचीवर काढला की खरा चेहरा दिसतो. त्यानंतर स्मूदिंग, म्हणजे शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून रेष किती गुळगुळीत केली आहे, ते बघा. एक तृतीयांश ऑक्टेव्हचं स्मूदिंग लावलं की ४ डेसिबलचा अरुंद उंचवटा विरघळून जातो, आणि पेटीचा किंवा कोनचा (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूचा) रेझोनन्स, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीला घुमणं, नेमका तसाच अरुंद असतो. एक चोविसांश किंवा त्याहून बारीक स्मूदिंग असेल तर दाखवणाऱ्याला लपवायचं काही नाही असं समजायला हरकत नाही. स्मूदिंगचा उल्लेखच नसेल तर ते भरपूर केलेलं आहे असं धरून चाला.

प्रश्न : यूएसबी मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर वापरून घरी स्पीकर मोजला. ३०० हर्ट्झच्या खाली १५-१५ डेसिबलच्या टेकड्या आणि दऱ्या दिसतात. याच मॉडेलच्या परीक्षणातला आलेख मात्र गुळगुळीत आहे. यात खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. परीक्षकाने स्पीकर मोजला, तुम्ही खोली मोजलीत. साडेचार मीटर लांबीच्या खोलीत पहिली लांबीची लाट ३८ हर्ट्झला उभी राहते, ३.४ मीटर रुंदीची ५० हर्ट्झला. पुढे त्यांच्या पटी आणि आडव्या-उभ्या जोड्या सुरू होतात. साधारण २०० हर्ट्झपर्यंत राज्य खोलीचंच असतं.

स्पीकर तेवढा वेगळा काढायचा तर दोन मोजमापं घेऊन जोडावी लागतात. वरच्या भागासाठी गेटिंग करायचं, म्हणजे परावर्तन माइकपर्यंत पोचण्याआधी खिडकी बंद करायची. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) आणि माइक दोन्ही जमिनीपासून १ मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून १ मीटरवर असतील, तर जमिनीवरून येणारा आवाज २.२४ मीटर प्रवास करतो. थेट आवाजापेक्षा हा १.२४ मीटर जास्त, म्हणजे ३.६ मिलिसेकंद उशीर. इतक्या लांबीच्या खिडकीत साधारण २८० हर्ट्झच्या खाली काही दिसत नाही. शिवाय तपशीलही २८० हर्ट्झच्याच पायऱ्यांनी मिळतो, त्यामुळे १ किलोहर्ट्झच्या आसपासची रेष गुळगुळीत दिसली तरी तिच्यात माहितीचे ठिपके तीन-चारच असतात. छत २.८ मीटरवर असेल तर स्पीकर आणि माइक दोन्ही १.४ मीटरवर न्या आणि खोलीच्या मध्यभागी आणा. मग उशीर ५.७ मिलिसेकंदांपर्यंत ताणतो आणि सीमा १७५ हर्ट्झपर्यंत खाली येते. स्टुलावर स्टूल चढवावं लागलं तरी या मेहनतीइतका फायदा महागड्या माइकनेही होत नाही.

खालच्या भागासाठी माइक वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) डस्ट कॅपला, म्हणजे कोनच्या मधल्या टोपीला, जवळजवळ टेकवायचा. कोनची त्रिज्या ६.५ सेंटिमीटर असेल तर अंतर ७ मिलिमीटरच्या आत हवं, आणि हे मोजमाप साधारण ८०० हर्ट्झपर्यंतच ग्राह्य धरायचं. माइक इतका जवळ असतो की खोलीचा हिस्सा नगण्य ठरतो. आवाज मात्र कमी ठेवा, नाहीतर माइक क्लिप होईल. पेटीला पोर्ट (हवेसाठीचं भोक) असेल तर पोर्टच्या तोंडाशी वेगळं मोजमाप घ्या आणि व्यासांच्या प्रमाणात ते खाली आणा. १३ सेंटिमीटरचा कोन आणि ५ सेंटिमीटरचं पोर्ट असेल तर ८.३ डेसिबल. मग दोन्हींची फेजसकट, म्हणजे लाटा एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते धरून, बेरीज करा. नुसते डेसिबल बेरजेला घेतले तर पोर्टच्या ट्यूनिंगखाली, जिथे कोन आणि पोर्ट एकमेकांना खोडतात, तिथे नसलेला खर्ज दिसायला लागतो.

इथपर्यंत पुष्कळजण नीट येतात आणि पुढच्याच पायरीवर घसरतात. जवळून घेतलेल्या मोजमापात बॅफल स्टेप दिसत नाही. खालच्या फ्रिक्वेन्सीला आवाज पेटीला वळसा घालून मागेही जातो आणि त्यामुळे समोर ६ डेसिबलपर्यंत घट होते. २० सेंटिमीटर रुंद पेटीत ही घट साधारण ५७५ हर्ट्झला निम्म्यावर असते. ही सुधारणा न करता दोन्ही तुकडे जोडले की खर्ज फुगलेला दिसतो आणि 'कंपनीने खर्ज वाढवून ठेवलाय' असा निष्कर्ष निघतो. पेटीची मापं घेऊन ही घट काढून देणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

माइकबरोबर दोन कॅलिब्रेशन फाइली आल्या असतील तर त्याही तपासा. माइक स्पीकरकडे रोखला असेल तर शून्य अंशाची फाइल लागते, छताकडे उभा असेल तर ९० अंशांची. उलटसुलट झालं की १० किलोहर्ट्झच्या वर काही डेसिबलचा फरक पडतो आणि त्याचं खापर ट्वीटरवर फुटतं.

प्रश्न : क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून पॉलिप्रोपिलिनचे लावले. ट्वीटर एकदम उघडल्यासारखा वाटतो. मित्र म्हणतो, हा मनाचा खेळ आहे. फरक खरंच पडतो का?

पडलेला असू शकतो, पण कपॅसिटर विकणारा सांगतो त्या कारणाने नव्हे. ट्वीटरच्या मार्गात १० मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक होता असं धरू. त्याचा स्वतःचा सिरीज रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या घरात असू शकतो. फिल्म कपॅसिटरचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. ट्वीटर ६ ओहमचा असेल तर हा अर्धा ओहम निघून गेल्याने त्याचा आवाज जवळपास ०.७ डेसिबलने वर जातो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण तीन किलोहर्ट्झपासून वरचा अख्खा पट्टा इतका उचलला की कानाला कळतं. अशा वाढीला लोक 'तपशील', 'हवा', 'पारदर्शकपणा' म्हणतात. काही आठवड्यांनी तीच वाढ बोचायला लागते आणि मग पुढची खरेदी होते.

दुसरं कारण किमतीतल्या, म्हणजे मायक्रोफॅरडच्या आकड्यातल्या, ढिलाईचं. इलेक्ट्रोलिटिकवर १० लिहिलेलं असतं, पण १० ते २० टक्के इकडेतिकडे चालतं आणि वयाप्रमाणे ते आणखी सरकतं. नवा फिल्म कपॅसिटर ५ टक्क्यांच्या आत असतो. म्हणजे क्रॉसओव्हरची फ्रिक्वेन्सीसुद्धा बदलली असणार.

पडताळणी सोपी आहे. दोन्ही स्पीकर उघडू नका, एकावरच प्रयोग करा आणि मोनोत ऐका. फिल्म कपॅसिटरला सिरीजमध्ये अर्ध्या ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. तेवढ्याने 'पडदा' परत आला, तर पैसे कपॅसिटरच्या कागदाला किंवा फॉइलला नव्हे, ०.७ डेसिबलला दिले होते. माइक असेल तर तो स्टँडवर घट्ट बसवा आणि काहीही न बदलता लागोपाठ दोन स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकणाऱ्या सुराने केलेली मोजमापं) घ्या. या दोन रेषांमधला फरक ही तुमच्या मोजमापाची अचूकता. सहसा ती ०.१ डेसिबलच्या आसपास निघते. त्यानंतर कपॅसिटर बदलून तिसरा स्वीप घ्या आणि पहिल्याने भागा. निघालेली रेष त्या अचूकतेपेक्षा वर असेल तरच फरक झाला म्हणायचा. पहिल्या दोन स्वीपची पायरी गाळून काढलेले 'आधी आणि नंतर' आलेख आम्ही वाचतही नाही.

डाग देताना (सोल्डरिंग करताना) दोन गोष्टी हमखास बिघडतात. फिल्म कपॅसिटर आकाराने मोठा, बोर्डावर मावत नाही, म्हणून कॉइल उचलून बाजूला ठेवली जाते. दोन कॉइल समांतर आणि जवळ आल्या की त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकींत शिरतं आणि फिल्टरचा उतार बदलतो. त्यांना एकमेकींशी काटकोनातच ठेवा. दुसरी चूक ट्वीटरच्या तारा उलट्या जोडण्याची. क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा पडतो, गायकाचा आवाज मागे सरकतो, आणि ऐकणारा त्याला 'मंच खोल झाला' म्हणतो. उघडण्याआधी फोटो काढून ठेवा.

स्पीकर २५-३० वर्षांचा असेल तर एलसीआर मीटरने (कपॅसिटरची किंमत मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक इलेक्ट्रोलिटिक तपासा. त्यासाठी त्याचं एक टोक बोर्डावरून सोडवावं लागतं, जागेवर मोजलेला आकडा भलताच येतो. छापील किमतीपासून १० टक्क्यांहून जास्त सरकलेला कपॅसिटर बदलण्यात शहाणपणा आहे. १० मायक्रोफॅरडच्या डोक्यावर ०.१ चा समांतर 'बायपास' चढवण्यात मात्र नाही. तो मूळ किमतीच्या १ टक्का आहे, आणि मूळ कपॅसिटर फिल्मचा असला तरी त्याची ढिलाईच बायपासच्या पाचपट असते.

प्रश्न : नवे स्पीकर कर्कश वाटतात. विक्रेता म्हणतो, २०० तास वाजू द्या.

वूफरचा स्पायडर आणि सराउंड (कोनला धरून ठेवणारे लवचीक भाग) सुरुवातीला थोडे सैल होतात हे खरं. रेझोनन्स फ्रिक्वेन्सी ४८ वरून ४२ हर्ट्झवर आलेली मोजता येते. पण त्याच वेळी त्याचा क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचं माप) त्याच प्रमाणात उतरतो आणि व्हीएएस (कोनच्या लवचिकतेचं माप) वाढतो, कारण चुंबक, कॉइल आणि हलणारं वजन तेच राहिलेलं असतं. तिन्ही बदल एकमेकांना सांभाळून घेतात, त्यामुळे पेटीत बसवल्यावरचा खर्ज जेमतेम हलतो. हे सगळं जोरात वाजवल्याच्या पहिल्या काही तासांतच उरकतं. कर्कशपणा ट्वीटरच्या पट्ट्यातला असेल तर या सैल होण्याशी त्याचा संबंध नाही. २०० तासांत सरावतो तो कान. तेवढ्यात परत करायची मुदतही संपते, हा योगायोग विक्रेत्याच्या सोयीचा आहे. पहिल्या दिवशी एक स्वीप घेऊन जपून ठेवा आणि महिन्याने माइक त्याच खुणेवर ठेवून दुसरा घ्या.

प्रश्न : केबलने आवाज बदलतो का? हो किंवा नाही एवढंच सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, पण पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडता येतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर लांब घेतली तर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.०७ ओहम होतो. स्पीकरचा इम्पीडन्स (फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा रोध) एका फ्रिक्वेन्सीला ४ आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला २० ओहम असेल, तर तारेमुळे या दोन जागांमध्ये ०.१२ डेसिबलचं अंतर पडतं. ऐकू येणार नाही. तीच तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची घेतली तर रेझिस्टन्स ०.३४ ओहम होतो आणि अंतर ०.५७ डेसिबल. इथे शिस्तीत तुलना केली तर कळू शकतं. म्हणून तार जाड घ्या, लांबी बेताची ठेवा आणि स्क्रू घट्ट पिळा. तांब्याची शुद्धता, तारेवरचे बाण आणि तार जमिनीवरून उचलणारे ठोकळे या हिशेबात कुठेच येत नाहीत.

प्रश्न : ब्लाइंड टेस्ट घरी करायची आहे. नेमकं कसं करायचं?

आधी आवाजाची पातळी जुळवा. बाकी सगळं नंतर. किंचित मोठा आवाज 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, त्यामुळे पातळी न जुळवलेली चाचणी घेतल्यात जमा नाही. ॲम्प्लिफायर, डॅक (डिजिटल आवाज विजेच्या लहरीत बदलणारं यंत्र) किंवा केबल तपासायची असेल तर २०० हर्ट्झची साइन लहर वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून एसी व्होल्टेज मोजा. साध्या मीटरचा वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवसा नसतो, म्हणून २००. एकाचं वाचन २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्याचं १.९८ ते २.०२ च्या आत हवं. हे साधारण ०.१ डेसिबल झालं.

मग एकाने नाणं उडवून क्रम ठरवायचा, लिहून ठेवायचा आणि जोडण्या बदलायच्या. ऐकणाऱ्याने त्याचा चेहराही पाहायचा नाही. जोडणी तीच ठेवली असली तरी तारा काढून पुन्हा लावा, नाहीतर खुडबुडीचा आवाजच उत्तर सांगून जातो. तुकडा १०-१५ सेकंदांचा आणि प्रत्येक वेळी तोच. सोळा फेऱ्या घ्या. सोळापैकी बारा उत्तरं बरोबर आली तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. दहापैकी आठ आकर्षक दिसतात, पण तिथे ती शक्यता ५ टक्क्यांच्या वर आहे. फेऱ्या किती घ्यायच्या हे सुरुवातीलाच ठरवा. हरत असताना 'आणखी चार घेऊ' आणि जिंकत असताना 'बास झालं', असं चालणार नाही.

स्पीकरची तुलना जास्त किचकट, कारण जागा बदलली की खर्ज बदलतो. शेजारी शेजारी ठेवलेले दोन स्पीकर तुम्ही ऐकत नसता, दोन जागा ऐकत असता. एकेकच स्पीकर मोनोत, जमिनीवर चिकटपट्टीने खूण केलेल्या एकाच जागी आणा, पुढे पातळ कापडाचा पडदा धरा आणि पातळी ५०० ते २००० हर्ट्झच्या पिंक नॉइजवर (चाचणीसाठीच्या सलग फुसफुसाटावर) जुळवा. हे सगळं कशासाठी, ते फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली दाखवलं आहे. त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर आधी न बघता आणि मग बघून ऐकले, तेव्हा गुण बदलले. शिवाय स्पीकर दिसत असताना जागा बदलल्याने पडणारा खराखुरा फरकही त्यांना कमी जाणवला.

प्रश्न : मग ऐकायचंच कशाला? आकडे बघून निवडलं तर काय बिघडलं?

कुठले आकडे, यावर अवलंबून आहे. डॅकचा सिनॅड (मूळ आवाज आणि त्यात मिसळलेला गोंगाट व डिस्टॉर्शन यांतलं अंतर) १०० ऐवजी १२० डेसिबल आहे म्हणून खरेदी करणारे आणि केबलच्या बाणांवर भरवसा ठेवणारे, दोघेही आमच्या लेखी एकाच बाकावरचे. १०० डेसिबल म्हणजे ०.००१ टक्के. मोठ्या आवाजात वाजणारा छोटा वूफर खर्जात १ टक्का डिस्टॉर्शन सहज देतो, म्हणजे हजारपट. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा रोध ॲम्प्लिफायरच्या रोधाच्या किती पट, तो आकडा) १०० की १०००, हा वादही तसाच. व्हॉइस कॉइलचा ५-६ ओहम रेझिस्टन्स त्याच मार्गात बसलेला असतो, त्याच्यापुढे ०.०८ आणि ०.००८ ओहममधला फरक १ टक्क्याच्या आसपास भरतो.

स्पीकरपुरतं बोलायचं तर सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे केलेली मोजमापं शोधा. आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांना एक, अशी एकूण ७० मोजमापं त्यात असतात. समोरची रेष सपाट आणि बाजूंच्या रेषा न अडखळता हळूहळू उतरणाऱ्या असतील तर स्पीकर बहुतेक चांगलाच निघतो. क्रॉसओव्हरपाशी बाजूची रेष फुगलेली दिसली तर वूफर त्या पट्ट्यात आवाज पसरवायचा थांबलाय आणि ट्वीटर अजून पसरवतोय. हा दोष ईक्यूने (फ्रिक्वेन्सीनिहाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने) जात नाही, कारण ईक्यू समोरचा आणि बाजूचा आवाज एकत्रच बदलतो. ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला, तेव्हा अंदाज आणि पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला. भक्कम आहे, पण तो अनेक श्रोत्यांच्या सरासरीचा. शिवाय या अंदाजातून स्पीकरला जे गुण मिळतात त्यांतून तो किती जोरात वाजेल ते कळत नाही. छोट्या स्पीकरला गुण उत्तम असले तरी मोठ्या खोलीत तो खर्जाला धापा टाकेल. गुण ६.१ आणि ६.४ असतील तर त्या ०.३ वरून भांडू नका. दोन्ही ऐका.

प्रश्न : ४ ओहमचा स्पीकर '९० डेसिबल', ८ ओहमचा '८८ डेसिबल'. पहिला जास्त कार्यक्षम ना?

नाही. मोजमाप २.८३ व्होल्टवर केलेलं असेल तर ८ ओहममध्ये १ वॅट जातो आणि ४ ओहममध्ये २ वॅट. एका वॅटला पहिला ८७ देतो, दुसरा ८८.

प्रश्न : ऐकायच्या जागी ९५ हर्ट्झला मोठा खड्डा आहे. ईक्यूने १० डेसिबल वाढवूनही भरत नाही. ॲम्प्लिफायर बदलू का?

बदलू नका. आधी स्पीकरचा पुढचा पृष्ठभाग मागच्या भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा. ९० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर कारण सापडलं. ९५ हर्ट्झला हे अंतर पाव तरंगलांबीचं होतं. भिंतीवरून परतलेली लाट अर्धा फेरा उशिरा येते आणि थेट लाटेला खोडते. ईक्यूने थेट आवाज वाढवला की परतणाराही तितकाच वाढतो. खड्डा आहे तिथेच राहतो, आणि ॲम्प्लिफायरला मात्र तिथे दहापट वॅट द्यावे लागतात.

स्पीकर भिंतीकडे सरकवा, पुढचा पृष्ठभाग ३० सेंटिमीटरवर येईल इतका. खड्डा २८५ हर्ट्झच्या आसपास जाईल, आणि तिथे मागच्या भिंतीवर लावलेलं १० सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल त्याला बऱ्यापैकी आवरतं. ९५ हर्ट्झला तेवढी जाडी जवळपास निकामी असते. पेटी खोल असल्याने इतकी मागे जाणार नसेल किंवा मागच्या पोर्टला जागा उरणार नसेल, तर ऐकायची जागा २०-३० सेंटिमीटर पुढेमागे करून बघा. सरकवल्याने खर्ज एकूणच चढेल, तो मात्र ईक्यूने खुशाल उतरवा. उंचवटे कापायला ईक्यू उत्तम. पुन्हा मोजण्याआधी तो १० डेसिबलचा फिल्टर तेवढा काढून टाका, नाहीतर नव्या जागी ९५ हर्ट्झला डोंगर दिसेल.